दलाल स्ट्रीटची उंच इमारत आणि तिच्याविषयीची मते



टीव्हीवर शेअर बाजाराची बातमी लागली की पडद्यावर एकच इमारत दिसते. बाजार चढला तरी तीच, कोसळला तरी तीच. नववीच्या वर्गात अर्थशास्त्राच्या तासाला तिचे चित्र दाखवले, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ही एवढी प्रसिद्ध आहे, मग सुंदर का नाही?" प्रश्न चोख आहे. त्याचे उत्तर एका तासात मावणारे नव्हते, म्हणून येथे लिहीत आहे. आपल्या शाळेच्या नव्या बांधकामाचा विषयही सध्या विश्वस्त मंडळापुढे आहे, त्यामुळे पालकांनीही हा लेख वाचावा अशी विनंती.

इमारतीचे नाव फिरोज जीजीभाय टॉवर्स. मुंबईच्या फोर्ट भागात दलाल स्ट्रीट, हमाम स्ट्रीट आणि मुंबई समाचार मार्ग जेथे मिळतात, तेथे ती उभी आहे. २९ मजले, उंची सुमारे ११८ मीटर. क्रीडा स्पर्धांच्या वेळी आपण मैदानावर १०० मीटर धावण्याची पट्टी आखतो. ती पट्टी उभी करून तिच्यावर आणखी १८ मीटर जोडले म्हणजे ही उंची होते. १९८० मध्ये शेअर बाजार या इमारतीत आला. १९६६ ते १९८० या काळात बाजाराचे अध्यक्ष असलेले सर फिरोज जीजीभाय यांचे नाव तिला देण्यात आले.

आता ज्या भागात ही इमारत आहे, तो भाग समजून घेऊ. त्याचे आपल्याशी नाते आहे, आणि ते कापसाचे आहे. फोर्ट म्हणजे इंग्रजांचा जुना किल्ला. त्याच्या मध्यभागी मोकळे मैदान होते व तेथे एके काळी कापसाच्या गाठींचे ढीग लागत. समोर १८३३ मध्ये टाऊन हॉल झाला. टाऊन हॉलपुढच्या वडाच्या झाडांखाली १८५० च्या दशकात दलाल मंडळी जमून शेअर्सचे सौदे करीत. 'दलाल' हा शब्द आदिलाबादच्या मार्केट यार्डात गाडी घेऊन जाणाऱ्या कोणत्याही कास्तकाराला समजावून सांगावा लागत नाही!

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. बॅकबेची खाडी बुजवण्यासाठी निघालेल्या एका कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव पडले, आणि भलेभले बुडाले. त्या सट्ट्यातले सर्वांत मोठे नाव प्रेमचंद रायचंद. त्यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने, मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. दलाल मंडळी १८७४ मध्ये आजच्या दलाल स्ट्रीटवर आली व १८७५ मध्ये त्यांनी आपली संस्था स्थापन केली. १९२८ मध्ये सध्याची जागा घेतली आणि १९३० मध्ये तेथे संस्थेची पहिली इमारत वापरात आली.

याच काळात, म्हणजे १८६० च्या दशकापासून, किल्ल्याचे तट पाडून नवी मुंबई वसवली गेली (आजची नवी मुंबई वेगळी, बरे का). मैदानाभोवती गोलाकार इमारती उभ्या राहिल्या. त्यालाच आज हॉर्निमन सर्कल म्हणतात. चार-पाच मजले, दगडी कमानी, कोरीव काम, आणि खाली पादचाऱ्यांसाठी छताखालचा रस्ता. पाऊस असो की ऊन, माणूस कोरडा व सावलीत चालतो. फोर्टची खरी शोभा मला या कमानींच्या रस्त्यात वाटते, घुमटात व शिखरात तेवढी नाही.

अशा ठिकाणी ११८ मीटरचा काँक्रीटचा मनोरा उभा राहिल्यावर मते वेगळी होणारच.

एक बाजू म्हणते, ही इमारत तेथे शोभत नाही. आजूबाजूचे काहीच तिने घेतले नाही, ना दगड, ना कमान, ना उंचीची मर्यादा. गल्ली इतकी अरुंद की खाली उभे राहून पाहावे तर टोपी मागे पडते आणि तरी पूर्ण इमारत दिसत नाही. फोर्ट हे एकसंध वस्त्र आहे, त्याला हे वेगळ्याच कापडाचे ठिगळ लागले.

दुसरी बाजू म्हणते, बाजार काही संग्रहालय नाही. धंदा वाढला, सभासदांना कचेऱ्या हव्या होत्या, जागा तेवढीच, मग इमारत वर जाणारच. शिवाय ती ढोंग करीत नाही. काँक्रीटची आहे आणि काँक्रीटचीच दिसते. आणि ज्या राजाबाई टॉवरला आज आपण वारसा म्हणतो, त्याचा आराखडा इंग्लंडमध्ये बसून सर गिल्बर्ट स्कॉट यांनी केला होता. तोही त्या काळी नवा, परका आणि सभोवारच्या सर्वांहून उंच, २८० फूट होता. मग एकाला मान आणि दुसऱ्याला नाके मुरडणे कशासाठी?

हा मुद्दा मला वजनदार वाटतो. पण त्यात एक गोष्ट सुटते. राजाबाई टॉवरच्या भोवती मैदान आहे. तो दुरून दिसावा अशीच त्याची जागा आहे. दलाल स्ट्रीटच्या मनोऱ्याला ते भाग्य नाही.

येथे शिल्पशास्त्रातला एक शब्द सांगतो, कारण वर्तमानपत्रांत तो येतो. 'उत्तर-आधुनिक'. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेथेही हाच शब्द प्रथम वाचला. यातले 'उत्तर' म्हणजे दिशा नव्हे आणि प्रश्नाचे उत्तरही नव्हे. उत्तररात्र किंवा उत्तरार्ध यांतल्यासारखे 'नंतरचे'. आधुनिक वास्तुकारांनी नक्षी, कमान, खांब हे सर्व अनावश्यक ठरवून सरळ रेषेच्या, काचेच्या व काँक्रीटच्या इमारती केल्या. त्याला कंटाळून १९७० नंतर काहींनी जुने आकार पुन्हा आणले, पण थोड्या खेळकरपणे, मोठे करून. न्यूयॉर्कमध्ये १९८४ मध्ये पूर्ण झालेल्या एका ३७ मजली इमारतीचा माथा तर जुन्या लाकडी कपाटाच्या माथ्यासारखा आहे. दलाल स्ट्रीटची इमारत खरे म्हणजे आधुनिक पठडीतली, उत्तर-आधुनिक नव्हे. पण तिच्यावरचा वाद तोच आहे, जो न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये उत्तर-आधुनिक इमारतींवर झाला: पैशाच्या जुन्या पेठेत नव्याने कसे उभे राहावे?

न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर ६० क्रमांकाची इमारत १९८९ मध्ये झाली. ५५ मजली. वास्तुकार केविन रोश. समोर ५५ क्रमांकाची जुनी खांबांची इमारत आहे, तिला उद्देशून नव्या मनोऱ्याच्या पायथ्याला व माथ्याला खांबांसारखे आकार दिले. एवढी उंची मिळाली कशी? जुनी इमारत बुटकी असल्यामुळे नियमाने तिच्यावर जेवढे बांधता आले असते आणि बांधलेले नव्हते, तो हक्क नव्या इमारतीने विकत घेतला. म्हणजे जुनी वाचली आणि नवी वाढली. आपल्याकडेही असा हस्तांतरणीय विकास हक्क आहे, त्याला टीडीआर म्हणतात. मोबदल्यात या इमारतीने तळमजल्यावर लोकांना बसण्यासाठी मोठे दालन दिले. पांढरा संगमरवर, आरसे, झाडे. काहींना ते भडक वाटले, लग्नाच्या मांडवासारखे. पण २०११ मध्ये बँकांविरुद्ध आंदोलन झाले तेव्हा आंदोलकांच्या बैठका याच दालनात भरत होत्या, कारण तेथून कोणी उठवू शकत नव्हते! २०२१ मध्ये ते दालन बदलण्याचा बेत जाहीर झाला, तेव्हा पुष्कळांनी विरोध केला. एके काळी भडक ठरलेली वस्तू जतन करा, अशी मागणी झाली.

लंडनचे उदाहरण याहून गमतीचे. तेथील जुन्या सराफी व बँकांच्या पेठेत व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इमारती पाडून जेम्स स्टर्लिंग यांनी आखलेली रंगीत पट्ट्यांच्या दगडाची इमारत उभारायची होती. प्रकरण १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. तेव्हाचे युवराज, आजचे राजे चार्ल्स यांनी तिला १९३० च्या दशकातल्या रेडिओची उपमा दिली. ती १९९७ मध्ये पूर्ण झाली; स्टर्लिंग १९९२ मध्येच वारले होते. पुढे तिच्यात फेरफार करण्याचा विचार निघाला, आणि २०१६ मध्ये सरकारने तिलाच संरक्षित इमारतींच्या यादीत घातले. एकोणीस वर्षांत नकोशी हवीशी झाली.

मुंबईत मात्र फोर्टच्या मनोऱ्यावर आधी रीतसर वाद होण्याची सोयच नव्हती. जुन्या इमारती व परिसर यांची यादी करून त्यांना श्रेणी देणारे नियम मुंबईत १९९५ मध्ये आले. देशात अशा प्रकारचे ते पहिलेच. मनोरा त्याआधी पंधरा वर्षे उभा होता. पुढे २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक व आर्ट डेको इमारतींना युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले. आज कोणी दलाल स्ट्रीटवर तसाच मनोरा मागितला, तर आधी वारसा समितीपुढे जावे लागेल.

पण इमारतीचे आयुष्य केवळ दिसण्यात नसते. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली, २५७ लोक मृत्युमुखी पडले. पहिला स्फोट याच इमारतीच्या तळघरात, वाहनतळावर झाला. मनोरा पडला नाही. ज्यांचे कोणी तेथे कामाला होते, त्यांना त्या दिवशी काँक्रीट कुरूप वाटले असेल असे मला वाटत नाही. आणि दोनच वर्षांनी, १९९५ मध्ये, संगणकावर सौदे सुरू झाले. ज्या गोल दालनात दलाल ओरडून, बोटांच्या खुणा करून भाव सांगत, ते ओस पडले. गंमत अशी, की कंपन्यांच्या पत्रांवर 'न्यू ट्रेडिंग रिंग, रोटुंडा बिल्डिंग, पी. जे. टॉवर्स' हा पत्ता नंतरही छापला जात राहिला. रिंग गेली, पत्ता राहिला.

२००८ च्या जानेवारीत दारापाशी कांस्याचा बैल बसवला. शिल्पकार आपले सोलापूरचे भगवान रामपुरे. त्याच महिन्यात २१,००० पर्यंत गेलेला निर्देशांक ऑक्टोबरात ९,००० च्या खाली आला, त्यात बैलाचा काही दोष नव्हता. असो.

माझे स्वतःचे मत विचाराल तर असे: मनोऱ्याची उंची मला खुपत नाही. खुपतो तो पायथा. स्फोटांनंतरच्या सुरक्षेमुळे कठडे व पहारे आले, त्याला इलाज नाही. पण मुळातही खाली चालणाऱ्या माणसासाठी हॉर्निमन सर्कलसारखी सावली त्या इमारतीने दिली नाही. वॉल स्ट्रीटच्या इमारतीने भडक का होईना, बसायला जागा दिली, म्हणून तिच्यासाठी भांडायला लोक आले. दलाल स्ट्रीटच्या मनोऱ्यासाठी उद्या कोण भांडेल? कदाचित टीव्हीवर रोज पाहून तिची सवय झालेले आपल्यासारखे दूरचेच लोक.

आता जैनथकडे वळतो. आपल्या लक्ष्मीनारायण मंदिरात वर्षातील ठरावीक दिवशी सकाळचे किरण मूर्तीच्या चरणांवर पडतात आणि ते पाहायला लांबून माणसे येतात. मंदिराला कोणी हात लावणार नाही, परंतु त्या किरणांच्या वाटेत कोणी तीन मजले चढवले, तर मंदिर जागच्या जागी राहूनही ते दर्शन जाईल. शेजारच्या इमारतीचा प्रश्न म्हणजे हाच. तो मुंबईपुरता नाही.

आपल्या शाळेच्या कवेलूच्या चार खोल्या व समोरची पडवी काढून तेथे तीन मजली स्लॅबची इमारत करावी, असा एक आराखडा आहे. दुसऱ्या आराखड्यात नव्या खोल्या मागच्या बाजूस आहेत आणि पडवी तशीच राहते. पहिल्यात दोन वर्गखोल्या जास्त मिळतात व खर्चही कमी येतो, हे मी लपवीत नाही. वर्ग वाढत आहेत, खोल्यांची गरज खरी आहे, आणि कवेलू दर पावसाळ्यापूर्वी फेरावे लागतात. पण बाजाराच्या दिवशी पालक बसतात ती जागा पडवी आहे, आणि पावसात मुले थांबतात तीही. माझा कल दुसऱ्या आराखड्याकडे आहे. काही विश्वस्तांचा पहिल्याकडे आहे, आणि त्यांची कारणे पोकळ नाहीत.

दोन्ही नकाशे कार्यालयाबाहेर लावले आहेत. दहावीच्या विद्यार्थ्यांनी सकाळी नऊ वाजता व दुपारी चार वाजता मैदानात काठी रोवून सावली मोजावी आणि तीन मजल्यांची सावली कोठपर्यंत जाईल हे त्रैराशिकाने काढून नकाशाखाली लिहावे; गणिताचे शिक्षक मदत करतील. पालकांसाठी शेजारी वही ठेवली आहे. त्यांनी आपले मत मराठी, तेलुगू वा हिंदी, ज्या भाषेत सोयीचे वाटेल त्या भाषेत लिहावे. मंडळाच्या पुढील बैठकीत ती वही वाचली जाईल.