फळीवरची प्रार्थना आणि चितारणारे हात

कामगार संघटनेच्या माणसाला रशियातल्या देवचित्रांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की पूज्य वस्तूकडे पाहताना ती घडविणाऱ्या हातांकडेही पाहावे.

‘आयकॉन’ म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेतील ख्रिस्ताचे, मरियामातेचे किंवा संताचे पवित्र चित्र. चित्राला दिलेला मान मूळ व्यक्तीस पोहोचतो, असे नायसियाच्या धर्मपरिषदेने इ. स. ७८७ मध्ये ठरविले. तेव्हा चित्र हे पाहण्याचे दार झाले.

आता हे दार कसे घडते ते पाहू. सुकविलेली लाकडी फळी घ्यायची. तिच्यावर सरसाने कापड चिकटवायचे. खडूची भुकटी व सरस यांचे थरावर थर देऊन, घासून पृष्ठभाग गुळगुळीत करायचा. सोन्याचा वरख लावायचा. रंगाची पूड अंड्याच्या बलकात कालवायची. चेहरा आधी गडद मातकट रंगात भरून त्यावर एकेक उजळ थर चढवायचा. उजेड जणू आतूनच उमटतो. शेवटी जवसाच्या तेलाचा हात. चित्रावर नाव येई ते संताचे. चितारणाऱ्याचे सहसा नाही.

१५५१ च्या मॉस्को धर्मपरिषदेने चित्रकाराकडून नम्रता, निर्व्यसनीपणा व प्रार्थना मागितली आणि आंद्रेई रुब्ल्योव्हसारख्या जुन्या चित्रकारांचा कित्ता पुढे ठेवला. पण अशा कारागिरांचा राजाने सांभाळ करावा, हेही तिने सांगितले. साधना हवी, तर साधकाची चूलही पेटली पाहिजे!

पुढे पालेख, म्स्त्योरा यांसारख्या गावांत कामाची वाटणी झाली. चेहरे रंगविणारे निराळे, वस्त्रे रंगविणारे निराळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पत्र्यावर छापलेली स्वस्त देवचित्रे बाजारात आली आणि कारागिरांच्या पोटावर पाय आला. १९१७ च्या क्रांतीनंतर तर चर्चकडून येणारे कामच संपले. तेव्हा पालेखच्या कारागिरांनी १९२४ मध्ये सहकारी मंडळी काढली. कागदाच्या लगद्याच्या काळ्या डब्यांवर त्यांनी लोककथा रंगविल्या. बलकाचा रंग तोच, बारीक कुंचला तोच. सोव्हिएत राजवट गेल्यावर त्या गावात आयकॉनही पुन्हा रंगू लागले.

ज्या पिढ्यांनी डबे रंगविले, त्यांची साधना खंडित झाली काय? आम्हांस तसे वाटत नाही. प्रार्थनेचे शब्द थांबले असतील. परंतु घाई न करणे, आधीचा थर सुकू देणे, गुरूने दिलेले शिष्याला देणे, हा नेम हातांनी सोडला नाही. पुढे देवचित्रांना दिवस आले, तेव्हा हात तयार होते. ते तयार राहिले, कारण मधल्या काळात त्या हातांना काम आणि पोटाला भाकरी मिळत होती. कलेची चिंता वाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.