ओवी गळ्यासकट जपायची तर

मराठीत ओव्यांच्या संग्रहांना तोटा नाही. साने गुरुजींचं ‘स्त्री जीवन’ आहे, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे काढलेली पुस्तकं आहेत. या मंडळींनी वेळेवर कष्ट घेतले नसते तर कितीतरी ओव्या गिरणीच्या पट्ट्याखाली गेल्या असत्या. तरीही छापील ओवी ही अर्धीच ओवी असते. पुस्तकात दोन ओळी सुबक मांडलेल्या दिसतात. जात्यावर बसलेली बाई तसं कधीच गात नाही. एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं ती झेलायची, उत्तरार्ध दोनदा घ्यायचा, मध्ये ‘गं बाई’ नाहीतर ‘सये’ घालायचं, वैरण टाकताना सूर जरा ओढून धरायचा. संपादक हे सगळं भरताड समजून गाळतो आणि उरलेल्या मजकुराखाली बहुतेकदा ना गावाचं नाव असतं ना बाईचं. ‘लोक’साहित्य म्हटलं की ते कुणा एकीचं नसतंच, असं आपण सोयीनं धरून चालतो. माझ्या मते जागेवर जाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणाचं खरं मोल इथेच आहे: ते ओवीला तिचा गळा आणि गाणारीला तिचं नाव परत देतं.

याचा सर्वांत भक्कम पुरावा पुण्यातच तयार झाला. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ हे दोघं मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतल्या गरिबांच्या संघटनेत काम करत होते. बायकांच्या अडचणी बैठकीत नीट बाहेर येत नाहीत, ओव्यांत येतात, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि तिथून संकलन सुरू झालं. ते पुढे एक लाखाहून अधिक ओव्यांवर आणि हजाराहून जास्त गावांवर गेलं. प्रत्येक ओवीपाशी गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलेलं, विषयवार वर्गीकरण केलेलं. १९९० च्या दशकात संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल सामील झाले आणि डिजिटल टेपवर शंभरावर तासांचं ध्वनिमुद्रण झालं. प्वातवँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. संग्रह कपाटात पडून राहिला नाही. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळानं तो आवाज, चित्रफिती आणि भाषांतरांसह लोकांपुढे आणायला घेतला.

या ध्वनिमुद्रणांत काय ऐकू येतं? परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे ऐकाव्यात. कागदावर भक्तीची वाटेल अशी ओळ त्यांच्या आवाजात निराळीच लागते. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायका रामाच्या ठिकाणी भीमरायाला बसवतात, तेव्हा जुना साचा नव्या इतिहासाला कसा पुरतो ते कळतं. सीतेच्या वनवासाची ओवी मुळशीतही आहे आणि मराठवाड्यातही. शब्द पुष्कळसे सारखे, गळा मात्र निरनिराळा. हा फरक कोणत्याही छापील संग्रहात सापडायचा नाही. स्वरलिपीत लिहून ठेवता येईल, असं कुणी म्हणेल. सुराची चौकट येईलही, पण दगडाच्या घरघरीवर मात करायला आवाज किती चढवावा लागतो, ते लिपीत कसं आणणार?

यावर एक आक्षेप नेहमी येतो. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. मग माइकसमोर बाईला बसवून गाऊन घेणं हा देखावाच नाही का? आक्षेपात तथ्य आहे. पहाटेच्या अंधारात सासूपासून चार हात लांब बसून जे गायलं जाई, ते पाहुण्यांसमोर तसंच येणार नाही. पण जातं थांबलं तरी ओव्या डोक्यात राहतात, हळदीच्या जात्यावर अजून निघतात, आणि दळणाची सवय अंगात असलेली बाई नुसता खुंटा धरला तरी लयीत शिरते. देखावा आहे हे नोंदवून ठेवावं. त्यासाठी ध्वनिमुद्रणच नको म्हणणं म्हणजे उरलंसुरलंही घालवणं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: शहरातून यंत्र घेऊन कुणी येतो, आवाज नेतो, गाव होतं तिथेच राहतं. आफ्रिकेचा अनुभव याच जातीचा. लोकसंगीताचे संग्राहक ह्यू ट्रेसी यांनी १९५० मध्ये केनियात किप्सिगिस लोकांची गाणी टिपली. ती दक्षिण आफ्रिकेतल्या संग्रहालयात गेली आणि गाणाऱ्यांच्या गावी परतायला साठाहून अधिक वर्षं लागली. आपल्याकडचा कायदाही इथे लंगडाच आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करवणाऱ्याकडे जातो. गाणाऱ्याचे म्हणून काही हक्क मानले गेले ते १९५७ च्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनंतर. तरी या आक्षेपाचं उत्तर टिपणं थांबवण्यात नाही. नाव लिहा, परवानगी घ्या, प्रत गाणारीच्या घरी द्या. पुण्याच्या संग्रहानं पहिली गोष्ट काटेकोर केली म्हणूनच वीस वर्षांनी पुन्हा त्याच गावांत जाऊन त्या बायकांना गाठणं शक्य झालं.

हे सगळं वाघोलीकरांना कशासाठी सांगायचं? २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या या गावात वाघेश्वराचं देऊळ आणि दगडखाणी जुन्या, सोसायट्या नव्या. नगर रस्त्यानं मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या नोकरदारांमागोमाग त्यांच्या आया-आज्याही आल्या. नातवंडं सांभाळत नवव्या मजल्यावर बसलेल्या या बायकांपैकी पुष्कळजणी जात्यावर दळून वाढल्या आहेत. संशोधकाला पूर्वी ज्यासाठी हजार गावं पालथी घालावी लागली, ते आता एका लिफ्टच्या अंतरावर आहे. खिशातला फोन पुरेसा आहे. आधी विचारा. मग सुरुवातीलाच तिच्याच तोंडून नाव, माहेर, सासर आणि ओवी कुणाकडून शिकली ते वदवून घ्या. मध्ये थांबवू नका, चुकली तरी दुरुस्त करू नका, मागे संगीत तर मुळीच लावू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेला आवाज दाबला जातो, तेव्हा मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. पंख्याचं बटण मात्र आधी बंद करा.