मुंबई प्रांतिक विधानसभा (1937) : सदस्यरचना व पक्षबल

1935 च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यान्वये मुंबई प्रांतास द्विगृही विधिमंडळ मिळाले. त्यातील विधानसभेची सदस्यसंख्या 175 होती. हिचे पक्षबल समजण्यासाठी प्रथम जागांची वाटणी पाहणे आवश्यक आहे. सर्वसाधारण जागा 114 असून त्यांपैकी 15 अनुसूचित जातींसाठी व 7 मराठ्यांसाठी राखीव होत्या. मुसलमानांना 29, स्त्रियांना 6, व्यापारउद्योगास 7, मजुरांना 7, युरोपीय व हिंदी ख्रिस्ती यांना प्रत्येकी 3, अँग्लो-इंडियन व जमीनदार यांना प्रत्येकी 2, तर विद्यापीठ व मागास जमाती यांना प्रत्येकी 1 जागा होती.

बहुमतास 88 जागा लागत. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने 86 जागा जिंकल्या. म्हणजे सर्वांत मोठा पक्ष ठरूनही तिला स्वबळावर बहुमत लाभले नाही. गव्हर्नरांच्या विशेषाधिकारांच्या प्रश्नावरून तिने आरंभी अधिकारग्रहण नाकारल्यामुळे एप्रिलमध्ये धनजीशा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ आले. जुलैमध्ये बाळ गंगाधर खेर मुख्यमंत्री झाले. ग. वा. मावळंकर सभापती होते.

काँग्रेसच्या यशाला एक महत्त्वाची मर्यादा राखीव जागांवर दिसून येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये स्थापिलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने 17 उमेदवार उभे केले. त्यांपैकी 14 निवडून आले व त्यांत 11 राखीव जागांवरील होते. येथे मतदानपद्धतीचा विचार करावा लागतो. 1932 च्या पुणे करारानुसार अंतिम मतदान संयुक्त मतदारसंघात होई. परंतु मुंबई प्रांतातील बहुसदस्य मतदारसंघांत मतदारास आपली सर्व मते एकाच उमेदवारास देण्याची मुभा होती. त्यामुळे संघटित अल्पसंख्य गटाला स्वतःच्या विश्वासाचा प्रतिनिधी निवडणे शक्य झाले. जागा राखून ठेवणे आणि तीवर खरा प्रतिनिधी येणे या दोन निराळ्या गोष्टी होत, हे यावरून ध्यानात येते.

या लहान गटाचे महत्त्व संख्येपेक्षा कार्यात अधिक होते. सप्टेंबर 1937 मध्ये आंबेडकरांनी खोती पद्धती रद्द करण्याचे विधेयक मांडले. 1938 च्या औद्योगिक कलहविषयक विधेयकास या पक्षाने सभागृहात व सभागृहाबाहेरही विरोध केला. युद्धाच्या प्रश्नावरून नोव्हेंबर 1939 मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि 1946 पर्यंत प्रांताचा कारभार गव्हर्नरांच्या हाती राहिला. अशा रीतीने या विधानसभेला प्रत्यक्ष कार्यास सुमारे सव्वादोन वर्षेच लाभली.