एबीएस काय करतं, काय नाही

जोरात ब्रेक दाबल्यावर मोटरसायकलचं पुढचं चाक जाम झालं, की गाडी बहुतेक वेळा आडवीच होते. फिरतं चाक रस्ता धरून ठेवतं आणि गाडीला तोल देतं; जाम झालेलं नुसतं फरपटतं. एबीएसचं काम एवढंच, की चाक जाम होऊ द्यायचं नाही.

डिस्कच्या आतल्या बाजूला बारीक खाचांची एक चकती असते. तिच्याशेजारचा सेन्सर चाकाचा वेग सतत मोजतो. हा वेग एकाएकी पडला, की ब्रेक ऑइलच्या वाटेवरचे व्हॉल्व्ह दाब क्षणभर सोडतात, पुन्हा वाढवतात, आणि हे सेकंदाला अनेकदा चालतं. तेव्हा लिव्हर बोटांखाली थरथरतो. दचकून तो सोडू नका, दाबूनच धरा.

एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झालं. मात्र 'सिंगल चॅनल' असेल तर ते फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं जाम होऊ शकतं. गाडी घेताना हे जरूर विचारा.

एबीएस टायरची पकड वाढवत नाही. टायर गुळगुळीत असेल, पहिल्या पावसाने रस्ता निसरडा झाला असेल, तर थांबायला जास्त अंतर लागणारच. सुट्या खडीवर तर एबीएसमुळेच ते अंतर वाढू शकतं. म्हणून काही गाड्यांत मागचं एबीएस बंद करायची सोय असते. वळणावर कललेल्या गाडीलाही साधं एबीएस पुरत नाही. कल मोजणारं 'कॉर्नरिंग एबीएस' बहुतेक महागड्या गाड्यांतच मिळतं. तेव्हा घाटात ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असतानाच लावा.