फोन बांधावर चालला पाहिजे

ऑक्टोबर २०२० मध्ये परतीच्या पावसाने तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात घातले. पीकविम्याच्या नियमाप्रमाणे नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कंपनीला खबर द्यायची होती. ॲपवरून द्या, टोल-फ्री नंबरवर फोन लावा, नाहीतर बँक किंवा कृषी कार्यालय गाठा. कित्येकांना ते साधले नाही. वीज गेलेली, रेंज नाही, हातात स्मार्टफोन नाही, मग कळवायचे कसे, असे शेतकऱ्यांचे म्हणणे होते. पूर्वसूचना आली नाही या कारणाने सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांची भरपाई अडली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले आणि मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. पुढे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालला.

त्या पावसानंतर या जिल्ह्यात फोन ही हौसेची वस्तू उरली नाही. सातबारा, पीकविमा, पीक पाहणी, रेशनची केवायसी, पोराचा प्रवेश, सगळे त्या सहा इंची काचेत येऊन बसले आहे. म्हणूनच ‘अँड्रॉइड घ्यावा की आयफोन’ हा कॉलेजच्या कट्ट्यावर रंगणारा वाद कळंब, भूम, परंडा, उमरग्यात वेगळ्या अंगाने पाहावा लागतो. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर तास घालवतात. इथल्या गिऱ्हाइकाचा प्रश्न त्याहून रोखठोक असतो: हा फोन माझ्या कामाची ॲपे चालवील का, आणि किती वर्षे?

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे फोनचा कारभारी. बॅटरी कोणाला किती, मेमरी कोणाला किती, कॅमेरा कोणी वापरायचा, कोणते ॲप आत घ्यायचे, हे सगळे तो ठरवतो. जगात आज असे दोनच मोठे कारभारी उरले आहेत. ॲपलचा आयओएस फक्त ॲपलच्या फोनवर चालतो. गुगलचा अँड्रॉइड सॅमसंग, शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी, मोटोरोला अशा बाकी जवळपास सगळ्यांवर चालतो. भारतात शंभरातले पंचाण्णवच्या आसपास स्मार्टफोन अँड्रॉइडचे आहेत. धाराशिवच्या बाजारपेठेत फिरले तर हे प्रमाण त्याहूनही एकतर्फी वाटते.

पूर्वी इतकी टंचाई नव्हती. नोकियाचा सिम्बियन होता, ब्लॅकबेरी होता, मायक्रोसॉफ्टचा विंडोज फोन होता. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सने फायरफॉक्स ओएसवर चालणारा फोन १,९९९ रुपयांना बाजारात आणला. हे सगळे गेले, आणि जाण्याचे कारण बहुतेकदा एकच: लोकांना हवी ती ॲपे त्यांच्यावर आली नाहीत किंवा टिकली नाहीत. विंडोज फोनवरचे व्हॉट्सॲप २०१९ च्या अखेरीस बंद झाले, तेव्हा ते चांगले बांधलेले फोन एका रात्रीत साधे डबे झाले. फायरफॉक्स ओएसच्या राखेतून कायओएस निघाला आणि २०१७ मध्ये पंधराशे रुपये अनामत भरून मिळणाऱ्या जिओफोनवर बसून खेड्यापाड्यात पोहोचला. बटणांच्या फोनवर व्हॉट्सॲप ही त्या काळी मोठी गोष्ट होती. २०२५ च्या सुरुवातीला व्हॉट्सॲपने त्याचाही हात सोडला.

या इतिहासात एक पान मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे. पवईच्या आयआयटीतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी अँड्रॉइडवरच बेतलेली एक भारतीय सिस्टिम तयार केली. आधी तिचे नाव फर्स्टटच होते, मग इंडस ओएस झाले. २०१५ मध्ये ती मायक्रोमॅक्सच्या फोनवर आली. इंग्रजीत आलेल्या मेसेजवर बोट फिरवले की तो आपल्या भाषेत दिसायचा, ॲप उतरवायला ईमेल खाते लागायचे नाही. मराठीही त्यात होती. एका बाजार-पाहणीनुसार २०१५ च्या अखेरीस भारतात तिचा वाटा ॲपलच्या आयओएसपेक्षा जास्त होता. पुढे स्वस्त चिनी फोनांच्या लाटेत मायक्रोमॅक्स मागे पडले आणि ज्या फोनांच्या जिवावर इंडस उभी होती तेच दुकानांतून कमी झाले. कंपनी अखेर फोनपेकडे गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या इंडस ॲपस्टोअरमध्ये ते नाव तेवढे शिल्लक आहे.

इंडसने जे ओळखले होते ते भाषेचे दुखणे मोठ्यांना उशिरा कळले, आणि त्यातही दोघांत दहा वर्षांचे अंतर पडले. अँड्रॉइडच्या सेटिंगा, मेनू, सूचना मराठीत आल्या त्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत. ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलने मराठीत बोलून टाइप करण्याची सोय दिली. ज्यांना कीबोर्डवर जोडाक्षरे शोधणे म्हणजे डोकेदुखी, ते तेव्हापासून फोनशी सरळ बोलू लागले. आयफोनवर मराठी टाइप करता येत होते, पण अख्खा फोन मराठीत चालवण्याची सोय मार्च २०२५ च्या अखेरीस, आयओएस १८.४ मध्ये आली. ज्या घरात आजीपासून नातवापर्यंत एकच फोन हातोहात फिरतो, तिथे ही दहा वर्षे फार मोठी आहेत.

आता सरकारचे बघू. इथला सगळ्यात मोठा ‘ॲपवाला’ सरकारच आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी पिकांची नोंद सातबाऱ्यावर घेत. आता शेतकऱ्याने स्वतः आपल्या गटात उभे राहायचे, फोनच्या जीपीएसने जागा पटवायची, पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद वर चढवायची. (तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, गावात मात्र तलाठी तो तलाठीच.) नोंद नसेल तर पीककर्ज, हमीभावाची खरेदी, नुकसानीची मदत अशा ठिकाणी पेच पडू शकतो. या ॲपच्या सूचना सुरुवातीपासून ‘गुगल प्ले स्टोअरवर जा’ अशाच सांगितल्या गेल्या. म्हणजे शासनाने डोळ्यांपुढे धरलेला शेतकरी अँड्रॉइडवाला आहे. ज्याला आयफोनच घ्यायचा आहे त्याने पैसे मोजण्यापूर्वी एखाद्या मित्राच्या आयफोनवर ॲप स्टोअर उघडून आपल्या कामाची ॲपे तिथे आहेत का, हे स्वतः पाहावे. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये.

पण अँड्रॉइड घेतला म्हणजे भागले, असेही नाही. याचा धडा अंगणवाडीसेविकांनी साऱ्या राज्याला दिला आहे. शासनाने त्यांना दिलेल्या फोनांची रॅम होती २ जीबी. मार्च २०२१ पासून केंद्राचे पोषण ट्रॅकर ॲप आले. बालकांची वजने, उंची, आहाराचा तपशील रोज त्यात भरायचा. फोन तापू लागले, हँग होऊ लागले, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्याच गळ्यात पडू लागला. वर ॲप इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन दिले. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही चांगल्या मोबाइलची मागणी होती. अँड्रॉइड हे नाव दोघांवरही असते, सहा हजारांच्या फोनवर आणि साठ हजारांच्या फोनवरही. आतला माल निराळा असतो, आणि आज उत्तम चाललेले ॲप दोन वर्षांनी जड होऊन येते. सेविकांनी पदरचे पैसे मोजून शिकलेली ही गोष्ट गिऱ्हाइकाने फुकटात शिकून घ्यावी.

आयफोनच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते बोललेच पाहिजे. ॲपल आपल्या फोनांना वर्षानुवर्षे नव्या आवृत्त्या देते. २०१५ चा आयफोन ६एस आयओएस ९ घेऊन आला आणि २०२१ च्या आयओएस १५ पर्यंत चालला. दुसरे म्हणजे, भारतात आयफोनवर ॲप स्टोअरच्या बाहेरचे ॲप सहज बसत नाही. अँड्रॉइडवर बसते, आणि चोरांचे फावते ते इथे. ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’, लग्नपत्रिका अशा नावांनी व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते. उघडली, परवानग्या दिल्या, की मेसेज वाचले जातात, ओटीपी पळवला जातो आणि खाते रिकामे होते. आपल्याकडे योजनेच्या नावाला लोक भुलतात, कारण खऱ्या योजनांचे निरोपही त्याच व्हॉट्सॲपवर येतात. फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन करावा. अर्थात, समोरच्याला फोनवर ओटीपी स्वतःच वाचून दाखवणाऱ्याला कोणताही कारभारी वाचवू शकत नाही.

अडते ते किमतीपाशी. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेला ॲपलचा त्यातल्या त्यात स्वस्त आयफोन १६ई ५९,९०० रुपयांचा होता. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या भावाने, आणि तो भाव मिळाला तरच, सव्वाअकरा क्विंटल सोयाबीन एका फोनात जाते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. डिस्प्ले फुटला तर पुढचा खर्च वेगळा. ॲपलचे स्वतःचे दुकान पुण्यात सप्टेंबर २०२५ मध्ये उघडले. धाराशिवहून ते अडीचशे किलोमीटरच्या आसपास. अँड्रॉइडचा डिस्प्ले मात्र तालुक्याच्या ठिकाणी बसस्टँडसमोरही बदलून मिळतो, कधी अस्सल, कधी नक्कल.

छोट्या वाटणाऱ्या दोन गोष्टी इथे मोठ्या ठरतात. बालाघाटाच्या उतारांवर एका कंपनीची रेंज या बाजूला, दुसरीची त्या बाजूला, म्हणून लोक दोन सिमे बाळगतात. साध्या अँड्रॉइडमध्ये दोन्ही सिमकार्डे आत बसतात; भारतात मिळणाऱ्या बहुतेक आयफोनांत एक कार्ड आणि दुसरे ई-सिम. शिवाय स्वस्त अँड्रॉइडांत अजून मेमरी कार्डाची खाच मिळते. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर वाजणारी आराधी गाणी ज्यांनी कार्डात भरून ठेवली आहेत, त्यांना ती क्लाउडवर ठेवा म्हणून सांगण्यात अर्थ नाही.

नवा आयफोन परवडत नाही म्हणून मग तरुण मुले सेकंडहँड आयफोनकडे वळतात. त्यात दोन खड्डे आहेत. आधीच्या मालकाने आपले ॲपल खाते काढले नसेल तर फोन रीसेट केल्यावर कुलूपबंद होतो आणि ते कुलूप दुकानदारालाही उघडत नाही. आणि माल चोरीचा निघाला तर पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. *#०६# दाबल्यावर पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतो. इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस केला की फोनची माहिती येते. पैसे देण्याआधी, दुकानातच करावे.

खरी निवड त्यामुळे अँड्रॉइड विरुद्ध आयफोन अशी होत नाही. ती एका अँड्रॉइडची दुसऱ्या अँड्रॉइडशी होते आणि तिचा कस अपडेटवर लागतो. अपडेट म्हणजे नुसते नवे रंग आणि नवी चिन्हे नव्हेत. सिस्टिममध्ये सापडलेली चोरवाट बुजवणारे सुरक्षेचे अपडेट महत्त्वाचे. ते थांबले की फोन चालू राहतो, बँकेच्या व्यवहाराला मात्र दिवसेंदिवस धोक्याचा होतो. स्वस्त अँड्रॉइडांना वर्षानुवर्षे एक-दोन मोठ्या आवृत्त्यांवर बोळवले जाई. गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षांचे वचन दिले, सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस२४ ला तेवढेच दिले. ते महागडे फोन. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये १८,९९९ रुपयांपासून सुरू झालेल्या गॅलेक्सी ए१६ ५जी लाही सॅमसंगने सहा वर्षे जाहीर केली. त्याच हमीभावाने साडेतीन क्विंटल सोयाबीन. इतक्या काळाचे वचन आता या किमतीत मिळते, तर बाकी कंपन्यांकडून ते मागायला हरकत नाही.

दुकानात ते कोणी मागत नाही, हीच अडचण आहे. कॅमेरा किती, चार्जिंग किती मिनिटांत, हप्ता किती, एवढे विचारून गिऱ्हाईक फोन घेऊन निघते.

या दोघांबाहेर तिसरा कारभारी येईल का, असेही कोणी विचारील. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या जोरावर दांडगाई केल्याबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला आणि मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. जानेवारी २०२३ मध्ये मद्रास आयआयटीत तयार झालेल्या भारओएसचा गाजावाजा झाला. त्यावर चालणारा फोन दुकानाच्या फळीवर येण्याची वाट सामान्य गिऱ्हाइकाने पाहत बसू नये. इतक्यात तिसरा पर्याय दिसत नाही.

तेव्हा शेती, योजना आणि घरातल्या चौघांचे काम एकाच फोनवर भागवायचे असेल, तर अँड्रॉइडच घ्यावा. रॅम निदान ६ जीबी असावी आणि सुरक्षेचे अपडेट किमान चार वर्षे मिळतील हे कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः वाचून घ्यावे. ज्याची कामाची ॲपे आयफोनवर आहेत, पैसा हाताशी आहे आणि एकच फोन सहा-सात वर्षे वापरायची तयारी आहे, त्याला आयफोन महाग पडणार नाही. हप्त्यावर, दिमाखासाठी घेणाऱ्याला पडेल. शासनाकडे मागणी एकच आहे. शेतकऱ्याला सक्तीची असलेली ॲपे दोन्ही सिस्टिमांवर, २ जीबीच्या फोनवर आणि पूर्ण मराठीत चाललीच पाहिजेत, आणि रेंज नसताना बांधावर घेतलेली नोंद रेंज आल्यावर आपोआप वर गेली पाहिजे.