वायर सोलण्याचे हत्यार

गेल्या वर्षी गावच्या सणाला आमचा माईक ऐन वेळी मुका झाला. दोनच दिवसांपूर्वी त्याची वायर भाजीच्या सुरीने सोलून आम्ही स्वतः तिला डाख दिला होता. उघडून पाहतो तो डाख शाबूत! तार तुटली होती ती त्याच्या जरा अलीकडे, जेथे सुरीची धार तांब्याला लागली होती. दोष आमचाच होता, तो कोणाच्या माथी मारणार?

पुढे हैदराबादेस जाण्याचा योग आला, तेव्हा याच गोष्टीची पुन्हा आठवण झाली. १९६७ साली डॉ. ए. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली तेथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन हा सरकारी कारखाना उभा राहिला, आणि त्या धंद्याने शहरात चांगले मूळ धरले. आमच्या गावचा एक तरुण तेथे एका लहान कारखान्यात उमेदवारी करीत आहे. आम्ही भेटलो तेव्हा पोराचा चेहरा उतरलेला होता. त्याने जोडलेले नग उस्तादांनी परत केले होते. डाख उत्तम होता, परंतु प्रत्येक वायरीतील एखादी तार कापली गेली होती. महिनाअखेर हात सुधारला नाही तर गावी परत जावे लागणार होते. वायर तो ब्लेडने सोली आणि घाई झाली की दातांनी! नवे हत्यार घ्यावयाचे तर खिशात एकाच हत्यारापुरते पैसे होते.

आम्ही दोघे कोठी भागातील गुजराती गल्लीत गेलो. विवेकवर्धिनी ही मराठी मंडळींची शिक्षणसंस्था तेथून फार दूर नाही. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची दुकाने येथे ओळीने आहेत. पहिल्या दुकानदाराने स्क्रूची पक्कड दाखविली. हिला दोन खाचा असतात आणि स्क्रू फिरवून भोक लहानमोठे करावयाचे. स्वस्त आहे, टिकाऊ आहे. पण दर वायरीला स्क्रू पुन्हा जुळवावा लागतो, आणि कंटाळलेला मनुष्य तो जुळवीत नाही. आपोआप सोलणारे मोठे हत्यार एका दाबात काम करते. जाड वायरीला ते ठीक. बारीक वायरीवर ते जपून आजमावूनच घ्यावे, असे आमचे मत झाले.

आम्हाला पसंत पडली ती ठरावीक भोकांची पक्कड. प्रत्येक भोकावर वायरीच्या जाडीचा क्रमांक असतो. येथे नवखा हमखास फसतो, कारण क्रमांक वाढला की वायर बारीक होते : २२ नंबरची भरीव तार ०.६४ मिलिमीटरची, तर ३० नंबरची केवळ ०.२५ची. शिवाय बारीक तारांचा जुडगा त्याच नंबरच्या भरीव तारेहून किंचित जाड भरतो. त्या मुलाच्या कामाची वायर ०.२ मिलिमीटरच्या सात तारांची होती, म्हणजे सुमारे २४ नंबरची. भरीव तारेसाठी असलेल्या २४च्या भोकात ती घातली की बाहेरच्या तारा खरवडल्या जाणारच. अशा वेळी एक घर मोठे भोक घ्यावे.

दुकानदार जरा कुरकुरला, पण आम्ही खिशातील वायरीचा तुकडा काढून तेथेच सोलून पाहिला. सातच्या सात तारा मोजल्या, मग भिंगातून पाहिल्या. चकचकीत ओरखडा दिसला की ते भोक नको. खाच पडलेली तार त्या क्षणी तुटत नाही. वायर हलली, वाकली की सारा ताण त्याच जागी येतो आणि काही दिवसांनी ती दगा देते.

टेफ्लॉनचे आवरण कठीण व निसरडे असते. त्यासाठी तापणारी हत्यारे मिळतात, पण टेफ्लॉन फार तापले तर त्याचा धूर बाधतो, म्हणून खिडकी उघडी हवी. मोटारीच्या वेटोळ्याच्या तारेवर वार्निश असते. तेथे पक्कड निरुपयोगी, बारीक पॉलिश कागदच घ्यावा. आणि घरातील चालू दिव्याची वायर सोलावयाची असेल, तर कोणतेही हत्यार हाती घेण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा.

मुलाने ती पक्कड घेतली. तशीच एक आम्हीही माईकसाठी घेतली. परतीच्या वाटेवर तो रद्दी वायरीचे तुकडे सोलून तारा मोजीत होता : सात, सात, सहा, सात.