पट्टी टाकली, आता हवा किती?

ई-सायकलच्या टायरमध्ये पंक्चर रोखणारी पट्टी बसवली की पहिला प्रश्न हवेचा येतो. पूर्वीइतकीच भरायची, कमी करायची की वाढवायची? या प्रश्नाची तिन्ही उत्तरं मी ऐकली आहेत. पंक्चरवाले काका म्हणतात, होती तेवढीच ठेवा. मोबाइलवरचे परदेशी व्हिडिओ म्हणतात, थोडी कमी करा. फोमची जाड पट्टी वापरणारे म्हणतात, थोडी जास्त भरा. तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण ते तीन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असतात आणि तिन्हींना नाव मात्र एकच, 'इन्सर्ट'. शब्दाचा अर्थ संदर्भ सोडून लावू नये हे आपण वर्गात शिकतो. इथे तो नियम मोडला तर ट्यूब फाटते.

आधी सायकलबद्दल थोडं. ई-सायकल म्हणजे पायडल मारायचंच, पण मोटर मदत करते. मोटर २५० वॅटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला, तर आपल्याकडे तिला नोंदणी किंवा लायसन्स लागत नाही. ज्यांना गुडघे त्रास देतात किंवा पेट्रोल परवडत नाही, त्यांना ती सोयीची पडते. माझे पप्पा उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत. कँपातून खानापूर रोडने ते रोज तिच्यावरून जातात. उद्यमबागेच्या रस्त्यांवर काय पडलेलं असतं हे बेळगावकरांना सांगायला नको. लेथवरून निघालेला लोखंडी कीस, तारेचे तुकडे, पावसाळ्यात त्यावर चिखल. साध्या सायकलला ते टोचलं तर वीस मिनिटांत पंक्चर निघतं. ई-सायकलचं तसं नाही. बऱ्याच ई-सायकलींत मोटर मागच्या चाकाच्या हबमध्येच असते. चाक काढायचं म्हणजे मोटरची वायर सोडवायची, मोठे नट खोलायचे, वॉशर होते तसेच परत बसवायचे. रस्त्यावरचे बरेचसे पंक्चरवाले त्याला हात लावत नाहीत. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री साडेअकराला २४ किलोची सायकल ढकलत घरी येणं काय असतं ते आम्ही घरात पाहिलंय. सकाळी पंक्चर झालं तर अर्ध्या दिवसाचा पगार जातो. म्हणून पट्टी, आणि म्हणून हवेचा हा हिशेब.

टायरमधली हवा करते काय? ती वजन उचलते. समजा पप्पांचं वजन ६८ किलो, सायकल २४ आणि डबा-पिशवी ४, म्हणजे एकूण ९६ किलो. त्यातलं साधारण ६० टक्के मागच्या चाकावर येतं, म्हणजे ५८ किलोच्या आसपास. हवेचा दाब ४० पीएसआय असेल तर तो दर चौरस सेंटीमीटरला साधारण २.८ किलो होतो. ५८ ला २.८ ने भागलं की उत्तर येतं २१. म्हणजे टायरचा जवळजवळ २१ चौरस सेंटीमीटरचा तुकडा, आगपेटीपेक्षा जरा मोठा, रस्त्याला टेकलेला असतो आणि सगळं वजन त्यावर असतं. हवा निम्मी, २० पीएसआय केली की तोच तुकडा दुप्पट, सुमारे ४१ चौरस सेंटीमीटर होतो. टायर तेवढा जास्त दबतो, चालताना जास्त मुडपतो, आणि ते मुडपणं बॅटरी खातं. शिवाय खड्ड्याची कड लागली की रिम आणि रस्ता यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. साप चावल्यासारखी दिसतात म्हणून इंग्रजीत त्याला 'स्नेक बाइट' म्हणतात. मोटर हबमध्ये असेल तर चाकच जड असतं, त्यामुळे हा फटकाही जोरात बसतो.

आता त्या तीन वस्तू.

पहिली, पातळ पट्टी. प्लास्टिकची किंवा रबरासारख्या पदार्थाची, टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये फक्त रस्त्याकडच्या बाजूला बसते. जुनी ट्यूब कापून आत घालणारे लोक पूर्वीपासून हेच करत आले आहेत, आणि फाटलेल्या टायरला आतून गेटर टाकतात तेही याच जातीचं काम. ही पट्टी काटा अडवते, वजन उचलत नाही. त्यामुळे हवा पूर्वीइतकीच लागते. कमी केली तर उलट तोटा होतो. टायर जास्त मुडपला की पट्टी आत सरकत राहते, आणि जिथे तिची दोन टोकं एकमेकांवर येतात तिथली कड ट्यूबला घासते. पप्पांच्या सायकलला आधी अशीच पट्टी बसवली होती. बसवणाऱ्याने सांगितलं, आता पंक्चरची भीती नाही, हवा कमी ठेवा, गाडी मऊ चालेल. महिन्याभरात ट्यूब गेली. काढून पाहिली तर काटा नाही, खिळा नाही. पट्टीच्या टोकाखाली एक लांब ओरखडा होता आणि त्यातच भोक. पंक्चर बाहेरून आलंच नव्हतं. अशी पट्टी बसवताना टोकाची कड काचकागदाने गुळगुळीत करायची, ट्यूबला थोडी टाल्कम पावडर लावायची आणि हवा पूर्ण ठेवायची.

दुसरी वस्तू डोंगरातल्या सायकलींची. तिथे ट्यूब नसतेच. ट्यूबलेस टायरच्या आत, रिमवर फोमचं कडं बसवतात. दगडावर आपटलं तर रिम वाचावी आणि टायर जागेवरून सुटू नये हा त्याचा उद्देश. कच्च्या वाटेवर पकड वाढवण्यासाठी ते लोक हवा थोडी कमी ठेवतात, आणि फोम असल्यामुळे त्यांना ते परवडतं. 'इन्सर्ट घातलं की हवा कमी करा' हा सल्ला तिथला आहे. तो खानापूर रोडवरच्या ट्यूबवाल्या सायकलला लावला की आपल्या घरी झालं तेच होतं.

तिसरी वस्तू म्हणजे ट्यूबसोबत वापरायची जाड फोम-पट्टी. रस्त्याकडच्या बाजूला हिचा थर दीड सेंटीमीटरपर्यंत जाड असतो, कडांना पातळ. हिच्यात ट्यूब नेहमीपेक्षा लहान लागते, कोणती ते पट्टीच्या पाकिटावर दिलेलं असतं. खरा गोंधळ इथेच होतो. गेज मोजतं ट्यूबमधला दाब. पण ट्यूब आता लहान आहे आणि तिच्याभोवती फोम आहे. ट्यूबच्या लहान पृष्ठभागावरचा जोर फोममधून टायरच्या मोठ्या पृष्ठभागावर पोचेपर्यंत पसरतो. दहा जणांसाठी केलेली खीर पंधरा जणांत वाटली की प्रत्येकाच्या वाटीत कमीच येणार, तसं. म्हणून गेजवर तोच आकडा असला तरी टायर आधीपेक्षा मऊ लागतो. आकडा खोटा नाही, पण तो आता वेगळ्या गोष्टीचा आहे.

मग योग्य हवा ठरवायची कशी? आकड्याऐवजी टायर मोजायचा. सायकलींवर लिहिणारे अमेरिकन लेखक फ्रँक बर्टो यांनी एक साधा ठोकताळा मांडला होता. माणूस बसल्यावर टायर त्याच्या उंचीच्या सुमारे १५ टक्के दबला पाहिजे. टायरच्या बाजूवर ४७-५५९ असं काही कोरलेलं असतं. त्यातला पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि उंचीही साधारण तेवढीच धरायची. ४७ चे १५ टक्के म्हणजे ७ मिलिमीटर.

हे काम दोघांचं आहे. एकाने भिंतीला टेकून सायकलवर बसायचं, नेहमीचं सामान लावून. दुसऱ्याने खाली वाकून, टायर जमिनीला टेकतो बरोबर तिथे, जमिनीपासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. मग बसणाऱ्याने उतरायचं आणि तेच अंतर पुन्हा मोजायचं. दोन्हींतला फरक म्हणजे टायर किती दबला ते. फोम बसवण्याच्या आधी, नेहमीच्या हवेवर, हा फरक लिहून ठेवा. फोम बसवल्यावर थोडी थोडी हवा भरत जा आणि फरक तितकाच आला की थांबा. तेव्हा गेजवर जो आकडा दिसेल तो तुमच्या सायकलचा नवा आकडा. आमच्याकडे मागचा टायर पूर्वी ४० पीएसआयला ७ मिलिमीटर दबायचा. फोम घातल्यावर तेवढंच दबायला ४८ लागले. पुढच्या चाकात पट्टी नाही, तिथे ३५ च ठेवले.

काही मर्यादा मात्र पाळायच्याच. टायरच्या बाजूवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब कोरलेला असतो, आमच्या टायरवर ३५ ते ६५ आहे. रिम आणि पट्टी यांच्याही मर्यादा असतात. सगळ्यांत जी लहान असेल ती शेवटची. तिच्या आत राहून टायर दबायचा थांबत नसेल, तर ती पट्टी किंवा तो टायर तुमच्या वजनासाठी नाही.

हवा थंड टायरवर मोजायची. उन्हात उभ्या असलेल्या सायकलचं तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण २ पीएसआयने वाढतो, म्हणून दुपारचा आकडा धरू नका. नवा फोम पहिल्या काही दिवसांत दबून बसतो, तेव्हा दोन-तीन दिवसांनी परत तपासा. आणि लहान ट्यूबमध्ये हवाच कमी मावते, त्यामुळे थोडी गेली तरी दाब भरभर उतरतो. आठवड्यातून एकदा गेज लावणं आता जास्तच गरजेचं. जुन्या सायकलच्या रबरी नळीवाल्या व्हॉल्व्हवर गेज चालत नाही, पण बहुतेक ई-सायकलींना मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असतो, त्यावर पेट्रोल पंपावरचंही चालतं. भरताना मात्र बेतानं भरा. एवढीशी ट्यूब पंपावर क्षणात फुगते.

पट्टी बसवल्यावर अंगठ्याने टायर दाबून बघायची सवयही आता उपयोगाची नाही. फोममुळे टायर बोटाला कडक लागतो आणि हवा कमी असली तरी कळत नाही. पूर्वी हात सांगायचा, आता मोजावंच लागतं.

पप्पांच्या सायकलच्या दांड्यावर मी एक चिठ्ठी चिकटवलीय: मागे ४८, पुढे ३५, रविवारी सकाळी. तुमचं वजन वेगळं, टायर वेगळा, रस्ता वेगळा, तेव्हा हे आकडे उचलू नका. एक पट्टी, एक गेज आणि खाली वाकून बघणारं एक माणूस घ्या, आणि तुमचे आकडे तुम्हीच काढा.